अर्ध्या ड्रमातलं कमळ

माझं काम लोकांचं पाणी सांडायचं. ज्या गावात नळ आठव्या-नवव्या दिवशी येतो, त्या गावात हे काम करायचं म्हणजे तोंड बी चालू लागतं अन् कातडी बी जाड लागती. मी बेबीनंदा, जाफराबादची आशाताई. पावसाळ्याच्या तोंडापासून दिवाळीपर्यंत दर शुक्रवारी आमचा कोरडा दिवस असतो. घरोघर जायचं, ड्रम, रांजण, कूलर, गच्चीवरचे टायर, सगळ्यात बॅटरी मारून बघायचं. अळी वळवळताना दिसली की भांडं पालथं. त्याच्यावर बाया मला काय काय बोलतात ते इथं सांगायची सोय न्हाई. एक तं म्हणली, तुझ्या घरचा नळ आहे का गं, सांडून राह्यली ती?

मी बी ऐकून घेणारी न्हाई. दोन वर्षांखाली माझी धाकटी, प्रज्ञा, डेंग्यूनं अकरा दिवस जालन्याच्या दवाखान्यात होती. तिच्या नाकातून रक्त आल्तं. पोरगी वाचली. घरी येऊन मी मागच्या खोलीतला बंद पडलेला कूलर उघडला, तं तळाला ओंजळभर पाणी अन् त्यात अळ्या. आशाताईच्या घरात! साऱ्या गावाला शिकवत फिरणाऱ्या बाईच्या घरात! तव्हापासून साचलेलं पाणी दिसलं की माझं डोकं फिरतं, मंग समोर कोण हाये, काय हाये, मी बघत न्हाई. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं ते ह्या फिरलेल्या डोक्यानंच झालं.

तेरा वर्षांत एक घर मात्र असं होतं जिथं मला कधी एक अळी सापडली न्हाई. भंवरीबाईचं. बाजारगल्लीत खाली कापडाचं दुकान, वर घर अन् मागं फरशीचं आंगण. दुकान आता पोरगा बघतो. जेठमल काकाजी ऐंशीचे झाले, कानानं कमी ऐकतात अन् बाकीचं ऐकू आलं तरी न ऐकल्यासारखं करतात. भंवरीबाई, म्हणजे सगळ्यांच्या काकीजी, पंचाहत्तरच्या. ठेंगण्या, डोक्यावरचा पदर कधी ढळणार न्हाई, चालताना खाली बघून चालायच्या, पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून. सतराव्या वर्षी राजस्थानातून इथं नांदायला आल्या. मराठी आपल्यासारखीच बोलतात, फक्त माहेराला पीहर म्हणतात अन् भावाला बीरा.

त्यांच्या घरात अळी न सापडण्याचं कारण आमच्या खात्याची शिकवण न्हाई, त्यांचा धर्म. जैन बाई. दुहेरी पांढऱ्या कपड्यातून गाळल्याशिवाय पाण्याचा थेंब घागरीत जायचा न्हाई. कपड्यावर जे बारीकसारीक राहील ते झटकून फेकायचं न्हाई. कपडा उलटा धरायचा, वरून गाळलेलं पाणी सोडायचं अन् ते जीव हळूच मागल्या आडात परत पोचवायचे. नळाला पाणी आलं की आधीचं सगळं शिळं पाणी झाडाला, फरशीला, अन् ताजं पाणी गाळून भरायचं. मी दर शुक्रवारी जायची ती तपासायला न्हाई, बसायला. चहा प्यायची, मंगोडीची, म्हणजे त्यांच्याकडच्या मूगडाळीच्या सांडग्यांची, मूठभर वानगी पदरात घ्यायची अन् वहीत 'अळी नाही' लिहून निघायची. गावाशी भांडून भांडून घसा बसला की मला ते आंगण लई गार वाटायचं.

होळीच्या आधी काकीजींचा बीरा गेला. एकुलता भाऊ. त्या गेल्या, बारा दिवस राह्यल्या अन् परत आल्या तव्हा चेहरा पार उतरला होता. सामानात एक ओल्या फडक्याची पुरचुंडी होती. तिच्यात अक्रोडाएवढा, काळा, केसाळ असा एक कंद.

"हे काय हो, काकीजी?" मी विचारलं.

"आमच्या गावच्या तळ्यातली कमोदनी. पांढरं फूल येतं, बशीएवढं." त्यांनी पुरचुंडी अशी धरली होती जसं पिलू धरतात. "मी न् बीरा पोहायला जायचो तिथं. तळं आता बुजवून राह्यलेत बेबी. अर्धं बुजलंय. भाभी म्हणली, पुढच्या साली आलीस तं काही दिसणार न्हाई. पण पुढच्या साली मी जाऊ कुणाकडं? बीराच न्हाई."

मंग लगेच पदरानं डोळे पुसून म्हणल्या, "हे इथं उगवलं पाहिजे. एकदा फूल बघितलं की झालं."

मला खरं तं हसू बी आलं. जन्मात कांदा, बटाटा, लसूण घरात न आणलेली बाई, जमिनीखालचं काही खायचं न्हाई म्हणणारी, अन् कंद लावायला निघाली! तसं बोलले तं म्हणल्या, "खायचा थोडाच हाये? त्याला जगवायचाय."

आता कमळ लावायचं कसं, हे त्या घरात कुणालाच ठाव न्हाई. काकाजींनी दुकानातून एक निळा ड्रम आणून माणसाकडून मधोमध कापून घेतला. वरची बाजू घासून गुळगुळीत केली. अर्धा ड्रम आंगणात ठेवला, जिथं सकाळपासून दुपारपर्यंत ऊन येतं. माती मी दिली, आमच्या दिराच्या शेतातली काळी. इथपर्यंत बराबर. मंग काकाजींनी अक्कल चालवली. म्हणले, झाड हाये तं शेणखत पाहिजे. दोन पाट्या टाकलं. चौथ्या दिवशी असा वास सुटला की दुकानातलं गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून लुगडी बघू लागलं. काकीजींनी नातीला फोन लावला. रूपल पुण्याला शिकती. ती म्हणली, आजी, पाण्यातल्या झाडाला खत असं वरून टाकत न्हाईत, सडतं. सगळं काढ. छोट्या कुंडीत नुसती काळी माती घे, कंद आडवा ठेव, तोंड वर राहू दे, वरून बारीक खडी पसर म्हणजे माती उठणार न्हाई. ती कुंडी ड्रमात विटांवर ठेव. आधी पाणी कमी, वर चार बोटं. पानं वर आली की एकेक वीट काढत खाली सोड. बस, एवढंच.

एवढंच, पण महिना गेला, दीड महिना गेला, कंद जागचा हलंना. काकीजी रोज सकाळी सामायिक, म्हणजे त्यांचं ध्यान, झालं की जाऊन ड्रमात वाकायच्या. काकाजी म्हणायचे, "मेला तो कंद. आता त्या ड्रमात धुणं भिजत घाल."

घोळ कुठं होता ते वैशाखात रूपल सुट्टीला आली तव्हा कळलं. नळ आला. काकीजींनी सवयीप्रमाणे घरातलं सगळं शिळं पाणी ओतलं, अन् त्याच झपाट्यात ड्रमातलं बी! वर ताजं, गाळलेलं, गार पाणी भरलं. दर नळाला हेच चाललं होतं. रूपल ओरडली, "आजी! असं करतात का? पाणी बसू दे, मुरू दे. दर आठ दिवसाला घर बदललं तं कुणाचं मन लागंल?"

"शिळं पाणी कसं ठेवायचं गं जीवाला?" काकीजी कावऱ्याबावऱ्या झाल्या.

"झाडाला शिळंच लागतं. कमी झालं तेवढं वरून घाल. पण ओतायचं बिलकुल न्हाई."

मंग काकीजींनी मन घट्ट केलं. साठ वर्षं बोटांना लागलेली सवय मोडली. नळ आला तरी ड्रमाला हात लावला न्हाई. दोन नळ गेले, तीन गेले. ड्रमातलं पाणी हळूहळू मुरून चहाच्या रंगाचं झालं.

अन् आषाढातल्या शुक्रवारी मी आले.

त्या दिवशी सकाळपासून माझं डोकं तापलेलंच होतं. गल्लीत एका पोराला ताप, प्लेटलेटा कमी. चार घरी अळ्या सापडल्या, चार घरी भांडण झालं. काकीजींच्या आंगणात शिरले ती दम खायला. काकीजी जैनांच्या स्थानकात गेल्या होत्या, साध्वींच्या व्याख्यानाला. काकाजी पलंगावर आडवे. मी सवयीनं बॅटरी काढली अन् ड्रमात मारली.

अगं माय! अळ्याच अळ्या. शेकड्यानं. खालीवर, खालीवर.

मला ड्रम दिसला न्हाई, काकीजी दिसल्या न्हाईत, मला प्रज्ञाचं नाक दिसलं. मी वाकले, दोन्ही हातांनी ड्रमाची कड धरली अन् सगळा जोर लावून मोरीत पालथा केला. विटा आदळल्या, आतली कुंडी फुटली, काळी माती पाण्याबरोबर भसाभसा मोरीतून गल्लीच्या नालीत गेली. नेमका नळाचा दिवस, नाली दुथडी वाहत होती.

आवाजानं काकाजी उठून आले. ड्रम बघितला, मोरी बघितली, मंग माझ्याकडं बघून हळूच म्हणले, "बेबी, हे काय केलंस? तिचं कमळ होतं ना त्यात."

तव्हा मला भान आलं. मी धावत गल्लीत गेले, फतकल मारून नालीच्या काठाला बसले अन् दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले. गाळ, खडी, पिशव्या, एक तुटकी चप्पल. कंद न्हाई. पुढच्या वळणापर्यंत बघत गेले. लोक म्हणले, आशाताईची अंगठी पडली वाटतं. मी रडून राह्यले होते ते कुणाला कळलं न्हाई, तोंडावर गाळच होता.

काकाजी दारात उभे. इतका घाबरलेला माणूस मी बघितला न्हाई. म्हणले, "ती साडेअकराला येती. काहीतरी कर."

खरं सांगायचं असतं तं तव्हाच सांगायला पाहिजे होतं. पण माझी हिंमत झाली न्हाई. जी बाई सगळ्या गावाला तोंडावर बोलती, तिची त्या ठेंगण्या म्हातारीपुढं हिंमत झाली न्हाई. मी हातपाय धुतले, स्कूटी काढली अन् चिखलीच्या रस्त्याला भुजंगची रोपवाटिका हाये तिथं गेले. त्याच्या सिमेंटच्या हौदात लिलीची, म्हणजे असल्याच कमळांची, झाडं असतात. म्हणलं, दादा, एक कंद दे, न फुटलेला, अक्रोडाएवढा, काळा. जल्दी कर. त्यानं गाळात हात घालून काढून दिला. पाठीमागं ओरडून विचारत होता, ताई, रंग कोणता पाहिजे? मी थांबलेच न्हाई.

नवी कुंडी, उरलेली तीच काळी माती, वरून खडी, खाली विटा, गाळलेलं पाणी. काकाजींनी स्वतः विटा उचलून दिल्या. अकरा वीसला सगळं जागेवर. काकीजी आल्या तव्हा मी पदरानं घाम पुसत होते.

"काकीजी, अळ्या झाल्त्या हो," मी म्हणलं. "पाणी काढून टाकावं लागलं. कंद तसाच ठेवलाय, काळजी करू नका."

काकीजींनी माझ्याकडं बघितलं, काकाजींकडं बघितलं. काकाजी एकदम भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. काकीजी ड्रमाशी बसल्या, बाही सारली, हात पाण्यात घातला अन् खडी बाजूला करून माती चाचपली. लई वेळ हात आतच होता. मला वाटलं, माती दाबून बसवून राह्यल्या. मंग हात काढला, धुतला, अन् एवढंच म्हणल्या, "बरं. चहा घेऊन जा."

माझा जीव भांड्यात पडला. काय मूर्ख बाई मी.

राहिला प्रश्न अळ्यांचा. पाणी ओतायचं न्हाई अन् अळी बी नको, हे जमायचं कसं? भुजंगला नंतर विचारलं तं म्हणला, गप्पी मासे सोडा, अळ्या खाऊन टाकतात. आमच्या खात्याचं बी तेच म्हणणं. काकीजींना सांगितलं तं त्यांनी कानाला हात लावले. "मासा खाणार, पण मासा सोडणार कोण? मी. मंग पाप कुणाचं?" औषध टाकू म्हणलं, तेच उत्तर. मी वैतागले. म्हणलं, काकीजी, तुमचा धर्म सांभाळते का गावातली पोरं सांभाळते, सांगा तुमीच!

त्या उठल्या, गच्चीवर गेल्या अन् मंगोडी वाळवायची जाळी घेऊन आल्या. लाकडी चौकट, वर मच्छरदाणीचं कापड ताणून ठोकलेलं. ती ड्रमावर ठेवली. कडेनं फट राहत होती तिथं जुन्या साडीची घडी करून खोचली. "डासाला आत जाऊच द्यायचं न्हाई," म्हणल्या. "जो जन्मालाच आला न्हाई, त्याला मारायचं काय काम?"

तेरा वर्षांत मला कोण्या साहेबानं इतकं सरळ शिकवलं न्हाई. ऊन आत जात होतं, वारा जात होता, डास जात न्हवता. त्यानंतर मी तीच जाळी गावात साठ-सत्तर घरी बसवली, ड्रमावर, रांजणावर, अन् माझी भांडणं निम्म्यावर आली.

पंधरा दिवसांत पहिलं पान वर आलं, तांब्याच्या पैशासारखं, लालसर. मंग दुसरं. काकीजींनी एक वीट काढली. पानं मोठी होत गेली, हिरवी झाली, आणखी एक वीट काढली. मी आता शुक्रवारीच न्हाई, येता-जाता जायची. जाळी उचलायची, पिवळं पडून सुटलेलं पान काढायचं, उडालं तेवढं पाणी वरून घालायचं. काकीजी पाणी गाळून द्यायच्या, मी ओतायची. दोघी आंगणात बसायचो. त्या मला तळ्याच्या गोष्टी सांगायच्या. बीरा बुडी मारून खालून देठ ओढायचा अन् वरचं फूल गप्पकन पाण्यात जायचं, ह्या किंचाळायच्या. सांगता सांगता हसायच्या. मी बी हसायची, पण त्यांच्याकडं बघायची न्हाई.

कारण प्रत्येक नवं पान मला खोटं पाडून राह्यलं होतं. रात्री अंथरुणात मी मनाला समजवायची, तो कंद मेलेलाच होता. तीन महिने हलला न्हवता. मी काय जित्याला मारलं न्हाई. उलट बाईला आनंदच दिला. असं किती बी म्हणलं तरी सकाळी काकीजींच्या दारात ठेवताना पाय जड व्हायचा. नवऱ्याला, संघपालला, सांगितलं. तो म्हणला, सांगून टाक. म्हणलं, सांगते. पण राखी आली, त्या दिवशी काकीजी दिवसभर त्या ड्रमाजवळ बसून होत्या. मला काही सांगता आलं न्हाई. मंग खाली मातीशी एक कळी दिसली, टोकदार, हिरवी, देठावर हळूहळू वर येणारी. आता तं बिलकुलच सांगता येईना.

भादव्यात जैनांचं पर्युषण सुरू झालं. आठ दिवस काकीजी स्थानकातच. शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, निरंकार उपवास, पाण्याचा थेंब न्हाई. दुसऱ्या दिवशी मी सकाळी अंगणात भांडी घासून राह्यले होते. आमचं घर भीमनगरात, बाजारगल्लीपासून चांगलं अर्धा कोस. डोकं वर केलं तं दारात काकीजी. अनवाणी, पांढरी साडी, चेहरा उपवासानं सुकलेला. मी राखेच्या हातानं तशीच उठले.

त्यांनी दोन्ही हात जोडले. "खमत खामणा, बेबी. वर्षभरात मनानं, वाचेनं, काही दुखावलं असंल तं मला माफ कर."

दर साली त्या भेटतील तिथं मला असं म्हणतात. मी बी हसून म्हणते, तुमचं काय चुकणार काकीजी. पण ह्या वेळी त्या चालत आमच्या दाराला आल्त्या, पारणं बी न करता. पंचाहत्तर वर्षांची बाई, मी जिचं सगळ्यात मोलाचं नालीत घातलं, ती माझ्यापुढं हात जोडून उभी! माझ्यानं राहवलं न्हाई. मी तिथंच खाली बसले.

"काकीजी, तो कंद तुमचा न्हाई," मी म्हणलं. "तुमचा मी नालीत घातला. त्या शुक्रवारी. लई शोधला, सापडला न्हाई. हा भुजंगकडून आणलेला हाये. मी खोटं बोलले. तुमी काय माझी माफी मागता हो!"

काकीजी माझ्याजवळ ओट्यावर बसल्या. जरा दम घेतला.

"मला ठाव हाये," त्या म्हणल्या. "त्याच दिवशी कळलं. माझ्या कंदाला धागा बांधलेला होता. बीराच्या हातातली गेल्या सालची राखी. भाभीनं काढून ठिवली होती, मी कंदाला गुंडाळली. मातीत हात घातला, धागा न्हवता."

मला वाटलं जमीन फाटावी. तरी तोंडातून निघून गेलं, "काकीजी, तो मेलेलाच होता ना हो? तीन महिने हलला न्हवता."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. खोटं बोलणं त्या बाईला येतच न्हाई. "न्हाई बेटा. त्या दिवशी सकाळी कोंब आल्ता. सुईएवढा. मी कुणाला सांगितलं न्हाई, म्हणलं स्थानकातून आल्यावर पहिल्यांदी तुलाच दाखवते."

मी ओक्साबोक्शी रडले. संघपाल आतून बाहेर आला अन् तसाच मागं फिरला. काकीजींनी मला रडू दिलं. माझ्या पाठीवर हात ठिवला न्हाई, उगी उगी म्हणलं न्हाई. मंग त्या बोलल्या.

"मी बी तुझ्याशी खोटंच वागले बेबी. दोन महिने. तुला चहा देत होते, बीराच्या गोष्टी सांगत होते, अन् मनात राग धरून होते. वाटायचं, हिच्याच्यानं माझा भाऊ दुसऱ्यांदा गेला. सामायिकीत बसले तरी तूच डोळ्यापुढं. काल पाणी बी न घेता दिवसभर बसले, पण राग जाईना. आज सकाळी पारण्याचा कप तोंडाला लावला न् खाली ठिवला. म्हणलं, आधी तिच्याकडं जाऊन येते. वर्षभरात दुखावलं असंल तं, असं सगळ्यांना म्हणतो तसं न्हाई. ह्या रागाची माफी मागायला आले."

मी राखेचे हात तसेच जोडले. त्यांनी ते धरले, त्यांच्या पांढऱ्या साडीला काळे डाग पडले.

"चल आता," म्हणल्या. "कळी उमलली असंल."

स्कूटीवर मागं बसवून मी त्यांना घेऊन आले. आयुष्यात पहिल्यांदा त्या स्कूटीवर बसल्या अन् वाटभर माझा खांदा घट्ट धरून होत्या. आंगणात काकाजी ड्रमाशी उभे होते, जाळी बाजूला काढलेली, हात चोरासारखे मागं बांधलेले.

फूल उमललं होतं. बशीएवढं, पण गुलाबी. गडद गुलाबी, मधोमध पिवळंधमक.

काकाजी घसा खाकरून म्हणले, "तुझ्या पीहरचं तं पांढरं होतं म्हणे. इथल्या पाण्यानं रंग बदलला असंल, न्हाई का?"

"बस करा," काकीजी म्हणल्या. "बेबीनं सांगितलं सगळं. तुमीच राहिलात."

काकाजींनी गपकन हात जोडले. "खमत खामणा." मला हसू फुटलं अन् रडू बी.

काकीजी ड्रमाच्या कडेला बसल्या. फुलाला हात लावला न्हाई, नुसत्या बघत राह्यल्या. मी त्यांच्याकडंच बघत होते. मला वाटत होतं, आता ह्या उठतील, म्हणतील, हे माझं न्हाई, घेऊन जा.

"पीहरचं पांढरं होतं," त्या हळूच म्हणल्या. "ते गेलं. बीरा बी गेला. पण हे बी मीच वाढवलं ना, रोज गाळून पाणी दिलं." मंग म्हणल्या, "हे सासरचं. मी सतराव्या वर्षी आले तव्हा मला बी इथं कोण ओळखत होतं?"

अन् पदर सावरून उठल्या. काकाजींना म्हणल्या, पारण्याचं पाणी गरम करा, दोघींचं करा. जाळी उचलून ड्रमावर ठिवायला लागल्या, मी दुसरी बाजू धरली. फुलाला लागू नये म्हणून तिच्याखाली दोन्हीकडं एकेक वीट दिली अन् फटीत चारी बाजूंनी साडीची जाड घडी खोचली.

"थांब," काकीजी म्हणल्या. "शुक्रवार हाये आज. आधी तुझं काम कर."

मी बॅटरी काढली. जाळीतून आत मारली, पानांच्या खाली, देठाजवळ, कडेकडेनं बघितलं. लई वेळ बघितलं.

"न्हाई काकीजी," मी म्हणलं. "एक बी न्हाई."